दोघांना लांब ठेवण्याचं काम

दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडली, हे लिहायला फार वेळ लागत नाही. एखादी चुकलेली एसटी, लग्नघरातली पंगत, वाढता वाढता थबकलेला हात, एवढ्यावर भागतं. वाचणारीला पहिल्या पाच पानांतच कळलेलं असतं की हे दोघं शेवटी एकत्र येणार. खरं तर पुस्तक हातात घेतानाच तिला ते ठाऊक असतं आणि म्हणूनच तिनं ते घेतलेलं असतं. मग उरलेल्या दोन-अडीचशे पानांत मी काय करते? मी त्या दोघांना लांब ठेवते. एकमेकांवर जीव असलेल्या दोन शहाण्या माणसांनी लगेच एकत्र का येऊ नये, याचं पटेल असं कारण शोधायचं, हाच माझा पेशा. गेली कित्येक वर्षं मी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते आणि माझा बहुतेक दिवस या एका प्रश्नात जातो.

हे काम भावनेचं आहे असा सर्वसाधारण समज आहे. ‘तुम्ही फार हळव्या असणार,’ हे मला पहिल्या भेटीत हमखास ऐकायला मिळतं. हळवेपणा लागतो, नाही असं नाही. पण टेबलाशी बसल्यावर त्याहून जास्त लागतो तो हिशेब. मराठीतल्या प्रणयकादंबरीला ज्यांनी घाट दिला ते ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. तिनं त्याला तेव्हाच का सांगितलं नाही? तो स्टेशनवरून परत का फिरला? थोरल्या जावेला कळलं होतं, मग सासूला कसं नाही कळलं? वाचक हे प्रश्न मोठ्यानं विचारत नाहीत. पण एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर पुस्तक मिटतं आणि वाचनालयात परत जातं.

म्हणून प्रत्येक कादंबरीसाठी माझी एक दुरेघी वही असते. मधोमध उभी रेघ. डावीकडे ती, उजवीकडे तो. प्रत्येक प्रकरण संपलं की लिहायचं: या क्षणी तिला काय काय माहीत आहे आणि त्याला काय काय माहीत आहे. कुणाला काय वाटतंय ते नाही लिहायचं. ते कादंबरीत येईलच. फक्त माहिती. तिच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय हे त्याला सहाव्या प्रकरणापर्यंत कळायला नको आहे; पण चौथ्या प्रकरणात त्याची बहीण त्याच दवाखान्यात बाळंत झाली, मग तिनं घरी येऊन सांगितलं नसेल? अशी गाठ सापडली की तो दिवस नवं काही लिहून होत नाही. बहिणीला दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं, म्हणजे तिचं सासर हलवायचं, म्हणजे बारशाचा प्रसंग पुन्हा लिहायचा. संध्याकाळी घरातलं कुणी विचारतं, आज किती पानं झाली? अशा दिवशी एकही पान वाढलेलं नसतं आणि तरी तो दिवस कामाचा गेलेला असतो.

टेबलाशेजारच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांचीही खाली रचून ठेवलेली असतात. त्यांचा उपयोग चांदण्यासाठी. प्रेमाच्या कादंबरीत चांदणं लागतंच, मला त्याचा संकोच वाटत नाही. पण वद्य अष्टमीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते. त्या रात्री नऊ वाजता गच्चीवर दोघांच्या अंगावर चांदणं सांडलं असं मी लिहिलं, तर गावाकडची वाचक लगेच ओळखते, कारण रात्रीच्या पाण्याच्या पाळीला तिच्या घरचं माणूस त्याच अंधारात शेतात गेलेलं असतं. गौरी कोणत्या दिवशी बसल्या, ज्येष्ठात पाऊस पडला की नुसतं उकडत राहिलं, उरुसाच्या सुमाराला आंबा संपला होता का, हे सगळं मी आधी जुळवते. अशा शंभर लहान गोष्टी खऱ्या निघाल्या तर एकशेएकावी, म्हणजे या दोघांचं प्रेम, ती खरं मानायला तयार होते.

लिहिण्याची वेळ सकाळची. दूध तापवून झालं की बसते ते घरातले उठेपर्यंत, आणि सगळे आपापल्या कामाला गेले की पुन्हा. बसल्यावर आदल्या दिवशीचं मोठ्यानं वाचते. ऑडिओसाठी लिहायला लागल्यापासून ही सवय पक्की झाली. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठीत कानानं वाचणारा मोठा वर्ग तयार झाला, आणि कानासाठी लिहिणं वेगळंच असतं. डोळा मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. भांडी घासताना ऐकणाऱ्या बाईला कोण बोलतंय ते पहिल्या चार शब्दांत कळायला हवं. म्हणून नायकाच्या बोलण्याची एक लकब ठरवायची, नायिकेच्या आईची दुसरी, आणि ती शेवटपर्यंत सांभाळायची.

दुपार बाकीच्या कामांची. मुद्रितं तपासणं, मुखपृष्ठाच्या चित्रावरून चाललेला पत्रव्यवहार (नायिका सावळी आहे हे लिहून कळवलं तरी चित्रात ती गोरी होऊन येते, आणि मी ते चित्र परत पाठवते, या बाबतीत मी हटून बसते), दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष असं उलटं बांधलं गेलंय. दिवाळीतली कथा आम्ही पावसाळ्याच्या तोंडाशी लिहितो, पावसातली वैशाखात. उन्हाच्या झळा खिडकीतून येत असताना आषाढाची रिपरिप लिहायची. सांगलीत राहणाऱ्याला त्यासाठी फार आठवावं लागत नाही; आमच्याकडे पावसाच्या आठवणी घराच्या भिंतींवरच खुणा करून ठेवलेल्या आहेत.

पण मुख्य काम ते मघाचंच. अडसर शोधायचा.

जुन्या कादंबऱ्यांत पत्र हरवायचं. भलत्याच्या हाती पडायचं, किंवा मामी ते चुलीत घालायची, आणि तेवढ्यावर दोन जीव आठ वर्षं एकमेकांना पारखे व्हायचे. तार उशिरा पोचायची. नायक तिला एका परपुरुषाबरोबर बघायचा आणि तो तिचा भाऊ आहे हे कळायला अठरा प्रकरणं जायची. त्या काळात ते शक्य होतं, म्हणून पटत होतं. आता गैरसमजावर उभी केलेली कादंबरी दोन निळ्या खुणांवर कोसळते. त्यानं मेसेज बघितला की नाही, हे तिला त्याच मिनिटाला कळतं. मग काही जण नायकाचा फोन विहिरीत पाडतात, कुणी घाटातली रेंज घालवतात. मला ते पटत नाही. फोन दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो. जो अडसर एका दिवसात दुरुस्त होतो, त्याच्यासाठी वाचकानं माझ्याबरोबर अडीचशे पानं का यावं?

खरे अडसर आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. जात आहेच. धर्म आहे. दोन खोल्यांच्या घरात अर्धांगवायू झालेली आई आहे आणि तिला सोडून मुलगी कुठे जाऊ शकत नाही. धाकट्याच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज आहे. बदल्या आहेत; एकाची गडचिरोलीला, दुसऱ्याची सिंधुदुर्गात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. मुंडावळ्या बांधून, काही जण तर घोड्यावर बसून. बातमी सगळीकडे करमणुकीसारखी फिरली. मी तिचं कात्रण कापून ठेवलं. पाच एकर शेती असलेला, कष्टाळू, निर्व्यसनी मुलगा आणि त्याला कुणी मुलगी द्यायला तयार नाही. यात हसण्यासारखं काय आहे? आणि त्याच वेळी, ‘माझी पोर मी शेतीत देणार नाही’ म्हणणारी आई मला तितकीच दिसत होती. तिनं स्वतः तीस वर्षं उसात खुरपण केलेलं असतं. कर्जाच्या नोटिसा आलेल्या बघितलेल्या असतात. ती मुलीच्या प्रेमाच्या आड येते ती मुलीवरच्या प्रेमापोटी.

हे मला फार मोलाचं वाटतं. अडवणारा माणूस दुष्ट असला की कादंबरी सोपी होते आणि पातळही होते. अडवणाराही आपल्या जागी बरोबर असेल, तर प्रत्येक पान जड होतं. मग तो अडसर कुणाला धडा शिकवून दूर होत नाही. कुणाला तरी बदलावं लागतं, कुणाला काहीतरी सोडावं लागतं आणि ते सोडताना दुखतं. खलनायक नसलेली प्रेमकथा लिहिणं जास्त अवघड, आणि मला तीच लिहायची असते.

कधी कधी अडसर सरकारी कागदात सापडतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं, तर दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लागते आणि हरकत घ्यायला तीस दिवस दिले जातात. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. एका कादंबरीसाठी मी अशा कार्यालयातल्या फलकापुढे बराच वेळ उभी होते. दोन छायाचित्रं, दोन नावं, पत्ते, वय. समोरून लोक दस्तनोंदणीच्या गडबडीत ये-जा करत होते, कुणी फलकाकडे बघत नव्हतं. पण ज्या दोघांची नावं त्यावर आहेत, त्यांच्या घरचं कुणी जमिनीच्या कामासाठी आज इथे येणारच नाही कशावरून? ते तीस दिवस दोघांनी कसे काढले असतील? रोज सकाळी नेहमीसारखा डबा भरायचा, नेहमीच्या बसनं जायचं, घरात आईनं काही विचारलं तर नेहमीच्या आवाजात उत्तर द्यायचं. ती कादंबरी मी तेवढ्या तीस दिवसांवरच लिहिली. तिच्यात कुणी पळून जात नाही, कुणी कुणाला मारत नाही. एक मुलगी महिनाभर आपल्या आईकडे बघत राहते, एवढंच घडतं.

सध्या जी कादंबरी हातात आहे तिच्यातला अडसर विट्याच्या बाजूला सापडला. आमच्या जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी हे तालुके कायमचे दुष्काळी. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. पण त्याआधी कित्येक पिढ्या तिथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब. देशातल्या कुठल्याही गावच्या सराफकट्ट्याला जा, मागच्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस पुष्कळदा आमच्याकडचा निघतो. गावी घर बांधलेलं असतं, चांगलं दोन मजली. त्यात म्हातारे आईवडील आणि कुलपं. मालक यात्रेला, दिवाळीला, घरच्या लग्नकार्याला येतो आणि परत जातो.

ओळखीतून एक आबा भेटले. उभं आयुष्य तमिळनाडूत एका देवळाच्या गावी गलाई केली, आता दुकान मुलाकडे सोपवून परत आलेत. मी त्यांना धंद्याची बारीकसारीक माहिती विचारत गेले आणि तेही हाताच्या खुणा करत सांगत गेले. जुना डाग, म्हणजे दागिना, आला की आधी टंच बघायचा, म्हणजे सोनं किती कसाचं ते ठरवायचं. मग मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात घालून टाकणखार टाकून वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची, आणि तो गोळा तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये सोडायचा. तांबूस धूर निघतो, घशाला खवखवतो. तेजाब चांदी-तांबं खाऊन टाकतं आणि तळाशी सोनं उरतं.

“कसं दिसतं ते?” मी विचारलं.

“विटंच्या भुग्यासारकं,” आबा म्हणाले. “नव्या माणसाला दावलं तर टाकून दील, ताई. चमक न्हाई, काय न्हाई. परत मुशीत घालून आच दिली की मग त्येचा रंग येतो.”

मी लिहून घेतलं. मग त्यांना विचारलं, मंगळसूत्रं यायची का गाळायला? आबा थोडे थांबले. “येनारच की. अंगठ्या यायच्या आत नावं कोरल्याल्या. त्यांची अक्षरं आमाला वाचता येत नव्हती सुरवातीला, ती बरी गोष्ट होती. पुढं वाचाय शिकलो.” एवढं बोलून ते भट्टीच्या कोळशाचं सांगायला लागले, आणि मीही त्यांना मागे वळवलं नाही. कादंबरीसाठी माणसांकडे जाताना मी एक पथ्य पाळते. जिथे माणूस स्वतःहून थांबतो, तिथे आपणही थांबायचं. तो आपणहून सांगेल तेवढंच आपलं.

माझ्या डोक्यात तोवर कथा साधारण तयार होती. नायक केरळात गलाईच्या दुकानात, नायिका विट्याजवळच्या गावात शाळेवर शिक्षिका. दोन हजार दिवस लांब राहिलेली दोन माणसं. तिची वाट बघण्याची गोष्ट. तोवर आबांच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच टेकल्या. त्या लग्नानंतर तिकडेच गेल्या होत्या. वीसेक वर्षं राहिल्या. मग सासू-सासऱ्यांचं करायला त्यांना गावी पाठवलं आणि आबा तिकडेच राहिले. मी म्हटलं, काकी, फार एकटं वाटलं असेल हो त्यांच्याशिवाय. त्या म्हणाल्या, “ह्यांच्याबिगर व्हय? त्ये तर हायच. पर मला तमिळ बोलाय कोन न्हवतं हितं.” मग सांगत बसल्या. तिकडे शेजारच्या बायकांबरोबर त्या ती भाषा शिकल्या, दारात पिठाची रांगोळी घालायला शिकल्या, मोगऱ्याचे गजरे बांधायला शिकल्या. मनातल्या मनात त्या तमिळमध्येच बोलायच्या. गावी आल्यावर एवढ्या माणसांत ते बोलणं बंदच पडलं. आबा यात्रेला आले की दोघं रात्री हळू आवाजात तमिळ बोलायचे, सासूबाईंना कळू नये म्हणून नव्हे, तर बोलायला मिळतंय म्हणून.

मी परतीच्या एसटीत बसले ती माझी अर्धी कादंबरी बाजूला ठेवूनच. अंतर म्हणजे दोघांमधले किलोमीटर, असं मी धरलं होतं. काकींनी त्या अंतराला दुसरी बाजू दाखवली. दोघांनी मिळून जगलेलं एक गाव, एक भाषा, एक गल्ली असते. आणि एकाला तिथून काढून घेतलं की दुसऱ्याचंही ते अर्धं होतं. हे मला टेबलाशी बसून कधी सुचलं नसतं. सुचण्याबद्दल विचारणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते, विट्याला जा, चहा होईपर्यंत बसा.

शरीराच्या प्रसंगांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून त्याबद्दलही लिहिते. मी ते लिहिते आणि मनापासून लिहिते. ते लिहिण्याची जी थोडीफार मोकळीक मला आहे, तिच्यासाठी आधीच्या एका लेखकाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवून दंड केला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट १९६९ मध्ये तो निकाल फिरवला. समाजाची मापं वेगानं बदलत आहेत, आणि कामभावनेचा नुसता उल्लेखही वर्ज्य ठरवला तर तरुणांच्या हाती केवळ धार्मिक पुस्तकंच उरतील, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट देशभर लागला. मराठी प्रेमकथा लिहिणाऱ्या माणसानं कायद्याच्या पुस्तकात कायमची जागा मिळवली, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

अशा प्रसंगात मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो जागेसाठी. कुठे? हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. तीन पिढ्यांच्या घरात दार लागत नाही, लागलं तर कडी वाजते. पलंग करकरतो. पलीकडे सासरे खोकतात. या सगळ्यातून दोन माणसं एकमेकांपर्यंत कशी पोचतात, ते खरं लिहिलं की स्पर्शाचं वर्णन चार ओळींत होतं आणि तेवढं पुरतं.

लिहिणाऱ्या बायकांचं एक मोठं घराणं माझ्या मागे आहे. डॉ. सुमती क्षेत्रमाडे कोल्हापुरात डॉक्टरकी सांभाळून कादंबऱ्या लिहीत. रत्नागिरीच्या डॉ. कुसुम अभ्यंकर डॉक्टर होत्या, कादंबरीकार होत्या आणि आमदारही झाल्या. ही नावं समीक्षेच्या ग्रंथांत शोधायला लागतात. वाचनालयाच्या नोंदवहीत शोधावी लागत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. दुर्मीळ ग्रंथ गेले म्हणून सगळा गाव हळहळला, ते योग्यच होतं. मला मात्र त्याच्याबरोबर त्या दुसऱ्या कपाटांची आठवण येत राहिली. पुठ्ठा बदलून, पाठीला पट्टी लावून, पुन्हा शिवून चालवलेल्या कादंबऱ्या. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मावत नाहीत म्हणून वर नवा कागद डकवलेला. त्या दुर्मीळ नव्हत्या. पण एकेका प्रतीनं शे-दोनशे बायकांच्या दुपारी सांभाळल्या होत्या, आणि अशा पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या बहुधा कुणी काढत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. पूर्वी कादंबरीची आवृत्ती हजाराची निघायची, आता पुष्कळदा पाचशेची निघते. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्क्यांनी सगळी आवृत्ती खपली तर पंधरा हजार रुपये होतात, आणि खपायला दोन वर्षं जातात. ऑडिओ, दिवाळी अंक आणि अधूनमधून मालिकेचे संवाद, यावर घरखर्चातला माझा वाटा निघतो. हे काम टिकतं ते वाचकांमुळे. एका रुग्णालयात रात्रपाळी करणारी आया मला फोन करते. तिची मुलगी तिला कादंबरी मोबाईलवर लावून देते. मागे तिनं विचारलं, “त्या दोघांचं आता बरं चाललंय ना?” कादंबरी संपून वर्ष झालं होतं. मी तिला सांगितलं, हो, चांगलं चाललंय, त्यांनी मिरजेला भाड्यानं घर घेतलंय. ती म्हणाली, मिरज बरं पडंल, दवाखाने जवळ.

तुमच्या कादंबऱ्यांचा शेवट नेहमी गोड असतो, वास्तव तसं नसतं, असा आक्षेप मला सभांमधून घेतला जातो. वास्तव मला माहीत आहे. २०१३ च्या पहिल्या दिवशी नेवासे तालुक्यातल्या सोनईत, जातीबाहेरच्या एका प्रेमावरून तीन तरुणांचे खून झाले. त्याआधी आणि त्यानंतरही अशी गावं आहेत. जातीबाहेर प्रेम केलेल्यांचं मरण लिहिणारे लिहितात, त्यांनी लिहिलंच पाहिजे. पण आपल्याकडे अशा दोघांची गोष्ट सांगायची म्हटली की ती रक्तानंच संपायची, हे जणू ठरून गेलंय. आंतरजातीय लग्न करून सुखानं नांदणारी माणसं माझ्या गल्लीत आहेत. त्यांची पोरं क्लासला जातात, त्यांच्यात भाजीवरून भांडणं होतात. ही जोडपी पुस्तकांत का नाहीत? सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी वाचनालयातून माझी कादंबरी नेते. तिच्या मनात असा कुणी असेल, तर तिनं पानोपानी फक्त स्वतःचा मृत्यूच वाचावा का? मी त्या दोघांना जगवते. अडसर सगळे खरे ठेवते, एकही हलका करत नाही, आणि त्यातून वाट काढून त्यांना जिवंत पलीकडे नेते. तो शेवट मला सर्वांत कष्टानं मिळवावा लागतो. मरण एका परिच्छेदात लिहून होतं.

गलाईच्या कादंबरीचं काम नवव्या प्रकरणापासून पुन्हा सुरू केलंय. शिक्षिका आता गावी वाट बघत बसणार नाही, ती केरळात जाणार आहे. म्हणजे तिची नोकरी सुटणार, आणि नोकरीवर तर तिच्या बहिणीचं शिक्षण चाललंय. हा अडसर आधीच्यापेक्षा मोठा आहे आणि तो आपोआप आला, मला शोधायला लागला नाही. दुरेघी वहीत तिच्या बाजूला अजून एक ओळ वाढली: तिला मल्याळम येत नाही. प्रकाशकांना कळवलंय की हस्तलिखित दिवाळीच्या आधी होणार नाही. काकींना विचारायच्या गोष्टींची यादी केली आहे. पहिल्या दिवशी बाजारात गेल्यावर मीठ कसं मागितलंत? दुकानाच्या मागे राहायचात, तर तेजाबाच्या धुराचा स्वयंपाकघरात त्रास व्हायचा का, आणि लहान मूल घरात असताना काय करायचात? शनिवारी विट्याला जायचं आहे. आबा म्हणाले होते, मुलगाही त्या दिवशी यात्रेसाठी गावी आलेला असेल, त्याला मूस धरायचा चिमटा घरातून काढून ठेवायला सांगतो.